ज्येष्ठमधाचे मूळ आणि आपली त्वचा

महाराष्ट्रातील अनेक घरांत ज्येष्ठमधाची ओळख पाळण्यापासूनच होते. बाळगुटीच्या डब्यात हळकुंड, वेखंड, सुंठ, मुरुडशेंग आणि हिरडा यांच्या जोडीला ज्येष्ठमधाची एक काडी ठेवण्याची जुनी रीत आहे. पुढे खोकला झाला किंवा घसा बसला की घरातील वडीलधारी माणसे हीच काडी तोंडात धरावयास सांगतात. कीर्तनकार आणि गायक तर ती जवळच बाळगतात. काष्ठौषधीच्या दुकानात सहज मिळणारे, चवीला गोड आणि किमतीला परवडणारे असे हे मूळ आहे.

अलीकडे या काडीला आणखी एक महत्त्व प्राप्त झाले आहे. चेहऱ्यास लावावयाच्या मलमांच्या वेष्टनांवर ‘ज्येष्ठमध अर्क’, ‘यष्टिमधु’, ‘मुलेठी’ किंवा ‘लिकोरिस’ ही नावे ठळकपणे छापलेली आढळतात. त्यांच्या शेजारीच कांती उजळण्याची, डाग नाहीसे होण्याची, क्वचित गोरेपणाचीही आश्वासने असतात. शहरातील मोठ्या दुकानांपासून आठवडे बाजारापर्यंत ही मलमे पोहोचली आहेत. या आश्वासनांत तथ्य किती, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो.

हा प्रश्न वरवर सौंदर्याचा वाटला, तरी वस्तुतः तो आरोग्याचा आहे. बाळंतपणानंतर गालांवर वांग उमटलेली स्त्री, मुरुमांच्या काळ्या डागांमुळे वर्गात मान खाली घालून बसणारी मुलगी, उन्हात राबून कपाळ काळवंडलेला शेतमजूर, हे सारे कोणत्या ना कोणत्या मलमाकडे वळतात. त्यांच्या हाती नेमके काय पडते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. म्हणून या मुळाचे गुण आणि त्याच्या मर्यादा या दोहोंची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

मुळाची ओळख

ज्येष्ठमध ही हरभरा आणि वाटाणा ज्या शिंबावंत कुलात मोडतात त्याच कुलातील बहुवर्षायू वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव ग्लिसिऱ्हायझा ग्लॅब्रा. ‘गोड मूळ’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून हे नाव पडले आहे. संस्कृतात तिला ‘यष्टिमधु’ आणि ‘मधुक’ म्हणतात. यष्टी म्हणजे काठी. गोड काठी हेच वर्णन दोन्ही भाषांत आलेले पाहून मौज वाटते. मुळातील ग्लिसिऱ्हायझिन हे द्रव्य साखरेच्या सुमारे ३० ते ५० पट गोड असते. मुळाची साल तपकिरी, आतील भाग पिवळसर आणि तंतुमय असतो.

भूमध्य समुद्रालगतचा प्रदेश, इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशिया येथील कोरड्या, उन्हाच्या, वालुकामय जमिनीत ही वनस्पती वाढते. भारतात लागणारे ज्येष्ठमध मोठ्या प्रमाणावर परदेशांतून येते. चीनमध्ये प्राचीन काळापासून वापरली जाणारी जात थोडी वेगळी आहे. तिचे नाव ग्लिसिऱ्हायझा युरालेन्सिस. तिसरी एक जात ग्लिसिऱ्हायझा इन्फ्लाटा या नावाने ओळखली जाते. या तिन्ही जातींच्या मुळांत काही द्रव्ये समान असली तरी काही वेगवेगळी असतात. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

त्वचेसाठी या मुळाचा उपयोग आशियाला नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधींचे दहा-दहांचे गट दिलेले आहेत. त्यांपैकी ‘वर्ण्य’ म्हणजे त्वचेच्या वर्णास हितकर अशा गटात चंदन, वाळा, मंजिष्ठा आणि सारिवा यांच्याबरोबर मधुकाचाही समावेश आहे. जपानमधील नारा येथील तोदाइजी मंदिरास इ. स. ७५६ मध्ये सम्राज्ञी कोम्यो हिने साठ औषधी अर्पण केल्या. त्यांच्या यादीत ज्येष्ठमध आहे, आणि त्या वेळची मुळे तेथील शोसोइन भांडारात आजही जतन करून ठेवलेली आहेत. आधुनिक जपानमध्ये ग्लिसिऱ्हायझिनपासून बनविलेला एक क्षार दाह शमविणारे द्रव्य म्हणून औषधियुक्त प्रसाधनांत वापरला जातो.

तथापि प्राचीनत्व हा परिणामकारकतेचा पुरावा नव्हे. चरकसंहितेतील ‘वर्ण्य’ या शब्दाचा अर्थ ‘गोरे करणारे’ असाही घेता येणार नाही. त्वचेचा जो स्वाभाविक वर्ण असेल तो निरोगी आणि तेजस्वी राखणारे, असाच तो अर्थ आहे. जाहिराती मात्र नेमका येथेच घोटाळा करतात.

त्वचेचा रंग कशाने येतो?

त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करून, ते सूक्ष्म कणांच्या रूपाने, आजूबाजूच्या पेशींना पुरवितात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांच्या त्वचेतील रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. भेद असतो तो मेलॅनिनचे प्रमाण, त्याच्या कणांचा आकार आणि त्यांची मांडणी यांत. पेशीच्या केंद्रावर हे कण छत्रीसारखे पसरतात आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अडवितात. सावळा रंग हा दोष नसून निसर्गाने उष्ण प्रदेशातील माणसाला दिलेले संरक्षण आहे.

मेलॅनिन बनण्याच्या क्रियेत टायरोसिनेज या विकराचे कार्य मध्यवर्ती असते. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य. टायरोसिन नावाच्या अ‍ॅमिनो आम्लापासून मेलॅनिनकडे जाणाऱ्या पहिल्या पायऱ्या याच विकराच्या साहाय्याने पार पडतात. हे विकर मंदावले की रंगद्रव्याची निर्मिती मंदावते.

अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून त्वचेचे वर्गीकरण सुचविले. पुढे त्याचे सहा प्रकार झाले. पहिल्या प्रकारची त्वचा उन्हात केवळ भाजते, काळवंडत नाही. सहाव्या प्रकारची त्वचा अत्यंत गडद असून ती सहसा भाजत नाही. पूर्व आशियातील पुष्कळशा लोकांची त्वचा तिसऱ्या व चौथ्या प्रकारात, तर भारतीयांची बहुधा चौथ्या व पाचव्या प्रकारात मोडते.

या मधल्या प्रकारांच्या त्वचेचा एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तिच्यावर सुरकुत्या उशिरा पडतात, परंतु डाग लवकर पडतात. मुरूम, इसब, भाजणे, खरचटणे, कीटकदंश अशा कोणत्याही कारणाने दाह झाला की तेथील रंगपेशी उत्तेजित होतात आणि मूळ दुखणे बरे झाले तरी काळा डाग मागे राहतो. तीव्र आम्ले किंवा झोंबणारी औषधे वापरून हे डाग खरवडून काढू पाहिले, तर त्या उपचारानेच नवा दाह होऊन डाग अधिक गडद होतो. आशियाई त्वचेवरील डागांचा उपचार म्हणूनच सौम्य असावा लागतो. रंगद्रव्याची निर्मिती मंदावणारे आणि त्याच वेळी दाहही शमविणारे असे द्रव्य या त्वचेस विशेष उपयोगी ठरू शकते. ज्येष्ठमधाच्या अर्काकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले ते याच कारणाने.

संशोधन काय सांगते?

ज्येष्ठमधाच्या मुळातील ग्लॅब्रिडिन हे द्रव्य जपानी संशोधकांनी १९७६ मध्ये प्रथम वेगळे केले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगांत असे आढळले की, हे द्रव्य रंगपेशींतील टायरोसिनेजचे कार्य मंदावते. गिनिपिगच्या त्वचेवर ०.५ टक्के ग्लॅब्रिडिन लावले असता अतिनील किरणांमुळे येणारा काळेपणा आणि लाली ही दोन्ही कमी झाली. लिक्विरिटिन हे मुळातील दुसरे द्रव्य. ते टायरोसिनेज अडवीत नाही, तर त्वचेत साचलेले मेलॅनिन विखुरण्यास साहाय्य करते, असे मानले जाते. इन्फ्लाटा जातीतील लिकोचाल्कोन हे द्रव्य प्रामुख्याने दाह शमविते.

माणसांवरील काही अभ्यासही उपलब्ध आहेत. इजिप्तमधील एका अभ्यासात वांग असलेल्या २० स्त्रियांच्या चेहऱ्याच्या एका बाजूस लिक्विरिटिनचे मलम आणि दुसऱ्या बाजूस केवळ आधारमलम चार आठवडे लावण्यात आले. लिक्विरिटिन लावलेल्या बाजूस १८ जणींना चांगला गुण आल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नमूद आहे. इराणमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इसबाच्या रुग्णांवर १ टक्का व २ टक्के ज्येष्ठमध अर्काची जेल दोन आठवडे वापरून पाहण्यात आली. लाली, सूज आणि खाज कमी करण्यात २ टक्क्यांची जेल अधिक परिणामकारक ठरली.

हे निष्कर्ष आशादायक असले तरी त्यांचे मोल तोलूनमापूनच घेतले पाहिजे. वीस रुग्णांचा अभ्यास लहान असतो आणि चार आठवड्यांचा काळ थोडा असतो. पुष्कळ ठिकाणी ज्येष्ठमधाचा अर्क इतर द्रव्यांबरोबर मिसळून वापरला जातो. त्यामुळे आलेल्या गुणात मुळाचा वाटा किती, हे निश्चित सांगता येत नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, डाग फिके करण्यास साहाय्य करणारे, दाह कमी करणारे आणि बहुतेकांना सोसणारे असे हे सौम्य साधन आहे. ते त्वचेचा जन्मजात रंग पालटू शकत नाही.

चूर्ण आणि अर्क यांतील भेद

अनेकांचा असा समज असतो की, ज्येष्ठमधाचे चूर्ण पाण्यात कालवून चेहऱ्याला लावले की अर्काचा सारा गुण मिळतो. हा समज अर्धाच खरा आहे. टायरोसिनेज मंदावणारे ग्लॅब्रिडिन मुळात अत्यल्प असते आणि ते पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलसारख्या द्रावकांत विरघळते. ते वेगळे काढण्यासाठी मुळावर विशिष्ट द्रावकांची प्रक्रिया करावी लागते. पाण्यात मुख्यतः उतरते ते गोड ग्लिसिऱ्हायझिन. त्याचा दाह शमविण्याचा गुण चांगला असला तरी डाग घालविण्याची अपेक्षा त्याच्याकडून फारशी करता येत नाही.

वैद्यकशास्त्रातील जुन्या योगांकडे या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. कुंकुमादि तेलासारख्या योगांत ज्येष्ठमध नुसते पाण्यात न उकळता तीळतेल आणि शेळीचे दूध यांत इतर द्रव्यांबरोबर सिद्ध केले जाते. कोणत्या माध्यमात औषधी शिजवावी, यालाही पूर्वजांनी महत्त्व दिले होते.

मुळाची जातही पाहावी लागते. ग्लॅब्रिडिन हे ग्लॅब्रा जातीचे वैशिष्ट्य आहे. वेष्टनावर नुसते ‘लिकोरिस’ लिहिलेले असेल, तर ते कोणत्या जातीचे आणि त्यात ग्लॅब्रिडिन किती, हे कळावयास मार्ग नसतो. काही प्रसाधनांत अर्काचे प्रमाण इतके अल्प असते की, तो केवळ नावापुरताच असतो.

घरी लेप करावयाचाच असेल, तर काही पथ्ये पाळावीत. चूर्ण वस्त्रगाळ असावे. भरड चूर्ण चोळल्याने त्वचा खरचटते आणि मागे डाग राहतो. लेपात लिंबाचा रस घालू नये. लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात भाजून निघते आणि त्या जागी काळे चट्टे पडतात. मूळ विश्वासाच्या दुकानातून घ्यावे, कारण ज्येष्ठमधात गुंजेच्या मुळांची भेसळ होत असल्याचे नमूद आहे. गुंजेचे बी अत्यंत विषारी असते, हे ग्रामीण भागातील वाचकांना सांगावयास नकोच.

गोरेपणाचा बाजार

ज्येष्ठमध निरुपद्रवी असताना त्याविषयी इतक्या सावधगिरीचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण हे की, सौम्य औषधाचा गुण सावकाश येतो. बाह्यस्तरातील पेशींचे नूतनीकरण होण्यास सुमारे चार आठवडे लागतात. साहजिकच डाग फिका होऊ लागण्यास दोन-तीन महिने जावे लागतात. तितका धीर न धरणाऱ्या ग्राहकाला आठ दिवसांत चेहरा उजळविणारे मलम हवे असते. असे मलम बाजारात मिळतेही. त्यात जे असते ते मात्र ज्येष्ठमध नव्हे.

आठ दिवसांत फरक दाखविणाऱ्या अनेक मलमांत स्टेरॉइड असते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल आणि मोमेटासोन ही त्यांतील काही नावे. ही औषधे योग्य रोगात, योग्य काळापुरती, डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरली तर गुणकारी आहेत. गोरेपणासाठी महिनोन्‌महिने चोळली तर मात्र त्वचा पातळ होते, लालबुंद शिरा दिसू लागतात, मुरूम उसळतात, चेहऱ्यावर केस येतात. मलम थांबविले की असह्य आग होते आणि त्या भीतीने माणूस ते पुन्हा लावू लागतो. भारतातील निरनिराळ्या केंद्रांत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या त्वचाविकारांच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड मलम वापरीत असल्याचे दिसून आले. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरांखेरीज इतरांनी सुचविले होते. केंद्र शासनाने मार्च २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइड मलमांचा समावेश चिठ्ठीशिवाय न विकावयाच्या औषधांच्या यादीत केला.

पारा हा दुसरा धोका होय. पाऱ्याची संयुगेही टायरोसिनेजला अडवितात. परंतु ती त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडे आणि मज्जासंस्था यांना इजा करतात. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण डॉक्टरांनी अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत पाऱ्याशी संबंध असलेला प्रकार आढळला आणि त्या पंधरांपैकी १३ जण त्वचा उजळविणारी मलमे वापरीत होते. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत अनवधानाने आलेला पारादेखील दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये. नियम असूनही पत्ता नसलेल्या डब्या विकल्या जातात, हीच चिंतेची बाब आहे.

‘नैसर्गिक’ या शब्दावरही डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. जपानमध्ये वृक्षांत नैसर्गिकरीत्या आढळणाऱ्या रोडोडेनॉल या द्रव्याचा उपयोग त्वचा उजळविणाऱ्या प्रसाधनांत करण्यात आला होता. त्याला २००८ मध्ये शासनाची मान्यताही मिळाली होती. पुढे वापरणाऱ्यांच्या चेहऱ्यावर व मानेवर पांढरे चट्टे उमटू लागले आणि जुलै २०१३ मध्ये ही प्रसाधने बाजारातून परत घ्यावी लागली. सुमारे ८ लाख वापरणाऱ्यांपैकी दोन टक्क्यांच्या आसपास लोकांना ही बाधा झाली. हे द्रव्यही टायरोसिनेजवरच कार्य करणारे होते. ज्येष्ठमधाबाबत अशा प्रमाणावर अपाय झाल्याचा अनुभव नाही. तरीही रंगपेशींच्या कार्यात ढवळाढवळ करणारे प्रत्येक द्रव्य बेताने आणि लक्ष ठेवूनच वापरावे, हा धडा त्यातून घ्यावयास हवा.

वापर कसा करावा?

ज्येष्ठमधाचा अर्क असलेले मलम घेताना वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि घटकांची यादी आहे की नाही, हे प्रथम पाहावे. यांपैकी काही नसेल तर ती डबी घेऊ नये. घटकांत वर सांगितलेल्या स्टेरॉइडांपैकी एखादे नाव आढळल्यास ते प्रसाधन नव्हे, औषध आहे, हे ओळखावे.

नवे मलम थेट चेहऱ्यास न लावता प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून दोन-तीन दिवस वाट पाहावी. खाज, लाली किंवा पुरळ न आल्यास चेहऱ्यावर लावण्यास हरकत नाही. जखमेवर किंवा चिघळलेल्या त्वचेवर ते लावू नये. तीन महिन्यांत काहीच फरक न पडल्यास त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. सर्वच डाग सारखे नसतात. काहींचे मूळ त्वचेच्या खोल थरांत, काहींचे अन्य विकारांत असते. बधिर झालेला फिकट चट्टा असल्यास वेळ न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे, कारण ते कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते.

ऊन चुकविल्यावाचून कोणतेही मलम उपयोगी पडत नाही, ही गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. रात्री मलम लावून दिवसभर उघड्या चेहऱ्याने उन्हात राहणे म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणे होय. सनस्क्रीन परवडत असेल तर अवश्य वापरावे. परवडत नसेल तर डोक्यावरील पदर, रुंद काठाची टोपी, छत्री आणि भर दुपारचे काम शक्य तितके सकाळ-संध्याकाळ करणे हे उपाय कमी मोलाचे नाहीत. गरोदरपणी आलेला वांग पुष्कळदा बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिका होतो. त्या काळात घाईने उग्र उपचार करण्यापेक्षा ऊन टाळणे आणि धीर धरणे श्रेयस्कर.

बाहेरून लावणे आणि पोटात घेणे यांतही अंतर आहे. कांती सुधारेल या आशेने ज्येष्ठमधाचे चूर्ण किंवा काढा महिनोन्‌महिने घेण्याचा प्रघात काही ठिकाणी पडत आहे. तो योग्य नाही. ग्लिसिऱ्हायझिन अधिक प्रमाणात दीर्घकाळ पोटात गेल्यास शरीरातील पोटॅशियम घटते, पाणी साचून सूज येते आणि रक्तदाब वाढतो. रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वैद्यांच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ते पोटात घेऊ नये.

लागवडीविषयी थोडे

अर्काला मागणी आहे, तेव्हा आपल्याकडे ज्येष्ठमध का लावू नये, असा प्रश्न पंचायत सदस्यांना पडणे स्वाभाविक आहे. या पिकाला भरपूर ऊन, कोरडी हवा आणि पाण्याचा निचरा होणारी खोल, वालुकामय जमीन लागते. अतिवृष्टीच्या कोकणपट्टीला किंवा पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीला ते मानवत नाही. मुळे काढण्यायोग्य होण्यास सुमारे तीन वर्षे लागतात. शिवाय नफा मुळापेक्षा अर्कात अधिक, आणि अर्कासाठी द्रावकांची यंत्रसामग्री लागते. म्हणून एखाद्याच्या जाहिरातीवरून महागडी रोपे घेण्यापूर्वी कृषी विद्यापीठाचा आणि खरेदीदाराचा विचार पक्का करून घ्यावा. औषधी वनस्पतींच्या विकासासाठी केंद्र शासनाने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केलेले आहे. त्या मार्गाने मिळणारी माहिती अधिक भरवशाची.

शाळा आणि पंचायत यांचे कार्य

या विषयात शासनयंत्रणेइतकेच कार्य शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना करता येण्यासारखे आहे. विज्ञानाच्या तासाला मेलॅनिनची माहिती देताना, सावळा रंग हे शरीराचे संरक्षण आहे, एवढे वाक्य शिक्षकांनी आवर्जून उच्चारावे. ते एखाद्या मुलीच्या मनावरील मोठे ओझे उतरवू शकेल. मलमांची वेष्टने वर्गात आणून त्यांवरील घटक मुलांकडून वाचून घेणे हा उत्तम पाठ ठरेल. ग्रामसभेत किंवा महिला बचत गटाच्या बैठकीत आरोग्य सेविकेकडून दहा मिनिटे या विषयावर माहिती द्यावी. बाजारात पत्ता व परवाना क्रमांक नसलेली मलमे आढळल्यास ग्रामपंचायतीने ती बाब अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयास लेखी कळवावी. बचत गटांनी ज्येष्ठमधयुक्त प्रसाधने तयार करावयाचे ठरविल्यास त्यांनीही उत्पादनाचा रीतसर परवाना घेतला पाहिजे. आपल्या गावच्या बायका बनवितात म्हणून नियमांतून सूट मिळत नाही, आणि मिळूही नये.

बाळगुटीच्या डब्यातील काडीने पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास मिळविला, तो तिने काही चमत्कार केला म्हणून नव्हे. घसा बसला की थोडा आराम, एवढेच तिने दिले आणि त्याहून अधिक देण्याचे वचन कधी केले नाही. त्वचेच्या बाबतीतही तिच्याकडून तेवढेच मागावे. डाग हा विकार आहे आणि त्यावर हे मूळ, धीराने वापरल्यास, काहीसा उतारा देऊ शकेल. रंग हा विकार नाही, म्हणून त्यावर औषधही नाही. हा भेद ज्या गावात सर्वांना समजला, त्या गावच्या आठवडे बाजारात बिनपत्त्याच्या डब्यांना गिऱ्हाईक मिळणे कठीण होईल.